अर्जदाराची घरची मंडळी

“परवान्याचं माझ्यावर सोपवा,” असं सी मखलूफ, म्हणजे श्रीयुत मखलूफ, म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात खजुराचं सारण भरलेलं मकरूत होतं. तोंड गोड असताना माणसानं कुणाला शब्द देऊ नये, हे हूरिया मावशींनी त्यांना नंतर पुष्कळ वेळा ऐकवलं. पण मकरूतचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं होतं ते मावशींनीच, हे मात्र मावशी सोयीस्कर विसरल्या.

प्रसंग गच्चीवरचा. मर्सा तूतच्या बंदराकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर दर बुधवारी, दुपारची नमाज झाली की बायका जमत. मध्ये हूरिया मावशींचा पाणी भरलेला मातीचा घडा. मावशींच्या आजीच्या आजीपासून चालत आलेला, एक कान तुटलेला. प्रत्येकीनं आपली अंगठी त्यात टाकायची, ओढणीला गाठ मारायची, मनात कुणाचं तरी नाव धरायचं. मग एकीनं चार-दोन ओळींचा बोल म्हणायचा आणि बिनलग्नाच्या मुलीनं घड्यात हात घालून अंगठी काढायची. जिची अंगठी निघेल, तिचा तो बोल. पुरुषांनी अशा वेळी गच्चीवर जायचं नाही, असा दंडक. सी मखलूफ त्या दिवशी गेले ते पाण्याच्या टाकीचं बूच बघायला, आणि टाकीला तर कुणाचीच मनाई नव्हती.

तिथं त्यांना कळलं की या बायका आता गच्चीवरून खाली उतरणार आहेत. चौथ्या मजल्यावरची बिनलग्नाची लमिया, मुलींच्या शाळेतली ग्रंथपाल, हिच्या डोक्यातली ही कल्पना. आज्या-पणज्यांनी कुजबुजत म्हटलं ते आपण सांस्कृतिक भवनात, माईकवर, उभं राहून म्हणायचं. आणि जुने बोल नाहीत, प्रत्येकीनं स्वतःचे रचलेले. तालीम चार महिने दार लावून चालली होती. सहा बाया तयार होत्या, फक्त भवनाचा परवाना नव्हता.

त्या सहांत सी मखलूफ यांची बायको नफीसाही होती. चार महिन्यांत तिनं तीनदा भाजी करपवली होती आणि त्याचं तिला काही वाटलं नव्हतं, त्यावरून मामला गंभीर आहे एवढं त्यांनी ओळखलं होतं. विचारलं तर ती म्हणाली, “मला एकदा उभं राहून बोलायचंय हो. बसून पुष्कळ झालं.” चौतीस वर्षांच्या संसारात बाजारात न मिळणारी अशी तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

आणि परवाना म्हणजे तर सी मखलूफ यांच्या घरचं काम. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. गावात जन्मलेल्या आणि तिशी न ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यांच्या टपोऱ्या अक्षरात वहीत उतरलेलं होतं. “एक कागद कमी आहे” हे वाक्य ते इतक्या मायेनं म्हणत की लोक आभार मानून परत जात. तेव्हा त्यांनी मकरूत गिळलं आणि सांगितलं, दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या दुकानात ही बातमी त्यांच्या आधीच पोचलेली होती. तळमजल्यावरचे, मक्केची यात्रा केलेले हाज बूअलाम, ज्यांची गाडी शिकवण्याची शाळा आहे, ते खुर्ची ओढून बसले. बायका माईकवर बोलणार म्हणजे आपल्याबद्दलच बोलणार, दुसरा विषय त्यांच्याकडे आहे कुठं, असं त्यांचं म्हणणं पडलं. बेकरीवाल्यानं सल्ला दिला की परवाना आणा, पण चुकीच्या तारखेचा आणा. तिसऱ्यानं सांगितलं की माईक बिघडवणारा माणूस त्याच्या ओळखीचा आहे. मग हाज बूअलाम यांनी विषय आपल्या दुखण्याकडे वळवला. हल्ली त्यांच्या गाडीची सीट आपोआप पुढे सरकते, पाय स्टिअरिंगला अडकतात, तीन मेकॅनिक झाले, कुणालाच निदान होत नाही.

“बरं, तुमच्या घरची मंडळी काय म्हणणार आहे?” हाज बूअलाम यांनी विचारलं.

“घरच्या मंडळीनं सांगितलेलं नाही,” सी मखलूफ म्हणाले. “तुमच्या?”

“आमचीही मंडळी गप्प आहे.”

मर्सा तूतमध्ये हे असंच बोललं जातं. चार पुरुषांत कुणी आपल्या बायकोचं नाव घेत नाही. ‘मंडळी’ म्हणायचं, ‘मुलांची आई’ म्हणायचं, अगदीच अडलं तर ‘ती’ म्हणायचं. हे दोघे वीस वर्षं एका टेबलावर कॉफी पीत आले, पण दोघांनीही कधी आपल्या बायकोचं नाव दुसऱ्याच्या कानावर पडू दिलं नव्हतं. सभ्यता म्हणतात ती हीच, अशी सी मखलूफ यांची समजूत होती आणि या सभ्यतेचा त्यांना अभिमान होता.

भवनातल्या खिडकीमागे एक तरुण मुलगी बसली होती. सी मखलूफ यांनी नाव सांगितलं आणि ती उठून उभी राहील म्हणून थोडं थांबले. ती उठली नाही. तिनं अर्ज पुढे केला. डावा हात खिशात ठेवून ते उजव्या हातानं लिहू लागले. डावा हात ते नऊ दिवस खिशातच ठेवत होते. बोटातली चांदीची अंगठी, नफीसाच्या वडिलांनी लग्नात घातलेली, आंघोळीच्या वेळी साबणाच्या वडीशेजारी ठेवली होती ती गेली होती, आणि हे नफीसाला सांगायचं धैर्य त्यांना होत नव्हतं. नळदुरुस्तीवाल्यावर संशय होता. त्याला त्यांनी रस्त्यात सलाम करणंही सोडलं होतं.

अर्जात कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता. नाटक, संगीत, धार्मिक, क्रीडा. सी मखलूफ यांनी विचारलं, बायका उभ्या राहून स्वतःच्या कविता बोलणार असतील तर कुठली खूण करायची? मुलीनं विचारलं, त्या नाचणार आहेत का? नाही. गाणार? नाही. धावणार? हूरिया मावशींचं वय ब्याऐंशी, तेव्हा तेही नाही. मग बराच विचार होऊन ‘क्रीडा’वर खूण झाली, कारण तेवढ्याच रकान्याला वेगळा शिक्का लागत नव्हता.

पुढचा रकाना सहभागी व्यक्तींच्या नावांचा. पाच नावं त्यांनी सरळ लिहिली. कागदावर दुसऱ्याच्या बायकोचं नाव उतरवणं त्यांना जड नव्हतं, तो एकतीस वर्षांचा हातखंडा होता. सहाव्या ओळीशी टाक थांबला. मुलीनं यादी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, “सहावी कोण?” मागे रांगेत बेकरीवाला उभा होता. त्याच्यामागे आणखी चौघे. सी मखलूफ यांनी घसा साफ केला, खाली वाकले आणि म्हणाले, “घरची मंडळी.”

“काका, नाव?”

“माझीच मंडळी आहे ती.”

“तुमची असेल, पण तिला नाव असेल ना?”

आयुष्यभर त्यांनी लोकांना हाच प्रश्न विचारला होता. तो असा टोचतो हे त्यांना आज कळलं. शेवटी त्यांनी सहाव्या ओळीत लिहिलं, ‘अर्जदाराची घरची मंडळी, कुटुंबपुस्तिका सोबत जोडली आहे’, आणि घरच्या सगळ्यांची सरकारी नोंद असलेल्या त्या पुस्तिकेचा आधार असल्यामुळे मुलीला ते नाकारता आलं नाही. मग तिनं अर्ज उलटसुलट पाहिला आणि अतिशय मायेनं म्हणाली, “एक कागद कमी आहे.”

कमी होता तो कवितांचा. सहाही कविता, प्रत्येकी तीन प्रतींत. सी मखलूफ यांनी घरी येऊन ते बायकांना सांगितलं.

बायकांनी साफ नाही म्हटलं. बोल लिहायचा नसतो, घड्यावर बोलायचा असतो. आधी वाचलेल्या बोलाला घडा ओळखत नाही, असं हूरिया मावशींनी सांगितलं. “अरे मखलूफ, तुझा बाप माझ्याकडून शेळीचं दूध न्यायचा, त्यानं कधी तीन प्रतींत मागितलं नाही,” असंही त्या म्हणाल्या. लमियानं समजुतीनं सांगितलं की, काका, कविता आधी साहेबांनी वाचायच्या असतील तर त्या त्यांनाच म्हणू देत. नफीसा नुसती त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात एवढा भरवसा होता की दोन दिवसांच्या शब्दाचा आज नववा दिवस आहे हे कबूल करणं सी मखलूफ यांना अशक्य झालं.

तेव्हा त्यांनी जे केलं ते सरकारी नोकरीत मुरलेला सज्जन माणूसच करू शकतो. दुपारी सगळी इमारत डुलकी घेत असताना त्यांनी दार लावलं, जुना टाक काढला आणि सहा बायांच्या सहा कविता स्वतः लिहून टाकल्या. फाईल पुरी करायला काहीतरी लागतं, ते कुणी वाचत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आजवर त्यांनी स्वतः जोडपत्र म्हणून काही वाचलं नव्हतं. विषय निरुपद्रवी घेतला, स्वच्छतेचा. हूरिया मावशींच्या नावावर पाणी उकळून पिण्याचं महत्त्व गेलं. हाज बूअलाम यांच्या पत्नीच्या नावावर पुढील मजकूर गेला:

घर झाडावे, जिना झाडावा, झाडावे अंगण सारे,
आरोग्याचा पाया ऐसा, नागरिकांनो, स्मरा रे.

आणि सहाव्या ओळीतल्या मंडळीसाठी, जरा हात सैल सोडून, त्यांनी ‘धन्य धन्य मी गृहिणी, चूल माझे सिंहासन’ ही आठ कडवी लिहिली. लिहिताना त्यांना गहिवरून आलं. आपल्यात कवी दडलेला होता आणि नोंदणी कचेरीनं त्याला वर येऊ दिलं नाही, असं त्यांना वाटून गेलं.

नेमकं घडू नये ते घडलं. भवनाच्या संचालकांनी कविता वाचल्या. हे शौकीसाहेब तिशीच्या आतले, नव्यानं नेमलेले, उत्साही. त्यांनी सी मखलूफ यांना बोलावून खुर्ची दिली, चहा दिला. इतक्या शिस्तीच्या कविता भवनात आजवर आल्या नव्हत्या म्हणाले. स्वच्छता सप्ताहाचा समारोप याच कार्यक्रमानं करायचा त्यांनी ठरवलं. आरोग्य खात्याचे डॉक्टर प्रमुख पाहुणे. भित्तिपत्रकं छापायला गेली होती. शिवाय प्रत्येक बाईनं हातात नवा झाडू घेऊन कविता म्हणावी अशी त्यांची कल्पना होती. झाडू भवन पुरवणार. “मात्र मंजूर मजकुराबाहेर एक शब्द नको,” ते म्हणाले. “नाहीतर मला माईक बंद करावा लागेल.”

सी मखलूफ यांनी तीन वेळा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळी त्यात बिस्कीट गेलं.

दोन दिवसांनी नफीसा बेकरीत पाव आणायला गेली तिथं काचेवर पत्रक लावलेलं होतं. सहा झाडूंची चित्रं, पाच नावं, सहाव्या ओळीत ‘अर्जदाराची घरची मंडळी’, आणि खाली नमुन्यादाखल सिंहासनाचं पहिलं कडवं. ते सगळं वाचून ती घरी आली. पाव टेबलावर ठेवला. सी मखलूफ यांनी तेवढ्यात खुलासा सुरू केला होता: की ही केवळ कार्यालयीन पूर्तता आहे, की मजकूर तात्पुरत्या स्वरूपाचा आहे, की शौकी म्हणजे अजून पोर आहे.

“कविता माझी नाही,” नफीसा म्हणाली. “नाव माझं नाही. मग उद्या तिथं उभी राहणार आहे ती कोण?”

ती ओरडली असती तर त्यांना उत्तर सुचलं असतं. ती अगदी हळू बोलली आणि आत जाऊन कपडे इस्त्री करत बसली, त्यांचेच. सी मखलूफ खुर्चीत बसून राहिले. आपण लोकांच्या नोंदी एकतीस वर्षं जपल्या, पोरीचा जन्म दोन दिवस उशिरा सांगितला म्हणून बापांना झापलं, आणि घरातल्या बाईच्या तोंडात आपणच खोटी नोंद केली, हे त्यांना स्वच्छ दिसलं. लाज वाटली. त्या दुपारी त्यांना डुलकी लागली नाही.

कार्यक्रम शनिवारी चारला होता. झाडूंमुळे की काय, गाव लोटला होता. झाडूवाली पत्रकं पाहून पुरुषमंडळी निर्धास्त मनानं आली होती. हाज बूअलाम तर सदरा इस्त्री करून दुसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत डॉक्टर, आणि मांडीवर मंजूर मजकुराची फाईल उघडून शौकीसाहेब. सी मखलूफ मागच्या दाराजवळ, डावा हात खिशात. नफीसा येईल की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं, कारण सकाळपासून ती बोलली नव्हती.

पडदा सरकला. मधोमध घडा, मागे सहा बाया, आणि नफीसा त्यांत शेवटी उभी. हूरिया मावशींनी झाडू घेतला होता, पण काठीसारखा टेकायला. त्या टुकटुक करत माईकपाशी आल्या, माईकला नीट निरखलं आणि म्हणाल्या:

चाळीस वर्षं झाली आता, गेला बिचारा धनी,
तेव्हापासून झोपते मी पलंगाच्या मधोमध, राणी.

पाणी उकळण्याचा त्यात कुठंही उल्लेख नव्हता. शौकीसाहेबांनी फाईलचं पान उलटलं, मग परत सुलटलं. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायकांनी जिभा हलवून असा आनंदाचा गजर केला की छताचे पंखे हलले. तेवढ्यात हाज बूअलाम यांची मंडळी पुढे झाली. फतिहा तिचं नाव, आणि पत्रकावरची फतिहा ती हीच, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना त्याच दिवशी कळलं.

साऱ्या गावाला शिकवलं त्यानं, कुठं वळावं, थांबावं कसं,
मला म्हणे, मागं बस गप्प, बायकांना ते जमतं कसं?
परवा तो घोरत असता किल्ली मी फिरवली,
बंदरापर्यंत जाऊन आले, होती तिथंच लावली.

हाज बूअलाम यांनी आधी लोकांबरोबर टाळी वाजवली. मग त्यांचे हात हवेतच राहिले. तीन मेकॅनिकना न झालेलं निदान त्यांना झालं होतं.

शौकीसाहेब उठले. त्यांनी हात वर केला, माईक बंद झाला आणि दिवे लागले. हे फाईलमध्ये नाही, असं ते घसा ताणून म्हणाले, आणि अर्जदार कोण ते पुढे या. सभागृहातल्या चारशे माना मागच्या दाराकडे वळल्या. दार उघडं होतं, बाहेर ऊन छान पडलेलं होतं. सी मखलूफ यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग रंगमंचाकडे पाहिलं. नफीसाची पाळी अजून यायची होती. ती ओढणीच्या गाठीवर बोट ठेवून उभी होती.

ते मधल्या वाटेनं पुढे गेले.

“या फाईलमधल्या कविता माझ्या आहेत,” ते म्हणाले. “या बायांनी त्या रचल्या नाहीत, पाहिल्यासुद्धा नाहीत. खोटी नोंद मी केली. चुकीच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि सही करायची, असा नियम आहे. द्या इकडे.”

खिशातून लाल पेन निघालं. त्यांनी उभ्या उभ्या सहा पानांवर सहा रेघा मारल्या. आपल्या सिंहासनावर रेघ मारताना हात किंचित अडखळला, कारण पाचवं कडवं खरोखर बरं उतरलं होतं.

“पण मजकुराच्या जागी मी काय लिहू?” शौकीसाहेब रडकुंडीला आले. “तीन प्रती कुठायत?”

“लिहा, तोंडी सांगण्यावरून.” सी मखलूफ ताठ उभे राहिले. “शौकी, तू जन्मलास तेव्हा तुझी आजी माझ्या खिडकीशी आली. कागद नव्हता, प्रत नव्हती. म्हणाली, नातू झाला, नाव शौकी. मी लिहून घेतलं. त्या बाईच्या तोंडच्या शब्दावर तू आज संचालक आहेस. माणूस तोंडी सांगण्यावरून नोंदवता येतो, मग बायकांचे चार-दोन ओळींचे बोल का नाही?”

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांचीही नोंद तशीच झालेली होती. शौकीसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांची आजी मागून तिसऱ्या रांगेत बसलेली होती आणि त्यांच्याचकडे बघत होती. ते खाली बसले, पेन उघडलं आणि शेवटचा आधार शोधावा तसं म्हणाले, “निदान नावं तरी पुरी करा. सहावी ओळ अशी चालणार नाही. सहावी कोण?”

कॉफीच्या दुकानातलं सगळं टेबल तिथं होतं. बेकरीवाला होता, नळदुरुस्तीवाला होता. सी मखलूफ यांनी हजारो नावं मोठ्यानं वाचून खात्री करून घेतली होती, वाचताना जीभ कधी अडली नव्हती. आता ती टाळ्याला चिकटली. त्यांनी वर पाहिलं. नफीसा त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खाली, घड्याकडे बघत होती, काही मिळण्याची सवय नसलेलं माणूस बघतं तशी.

“नफीसा,” ते म्हणाले.

ऐकू आलं नाही, असं शौकीसाहेब म्हणाले. माईक बंद होता.

“नफीसा!” सी मखलूफ यांचा आवाज बंदरापर्यंत गेला असावा. “नफीसा, अलालची मुलगी. माझी बायको. चांगलं ठळक लिही.”

माईक परत सुरू झाला. मधल्या तिघींनी वाट करून दिली आणि नफीसा पुढे आली. कान लाल झालेले, पण पावलं सावकाश. तिनं माईकची उंची स्वतः कमी केली आणि सुरुवात केली:

गावाची नावं लिहिली त्यानं टपोऱ्या अक्षरांत,
उंबऱ्याच्या आत आला, की शाई वाळे दौतीत.
‘अगं’ म्हणून हाक येते, ‘ऐकलंस का’ म्हणून जाते,
आईनं ठेवलं नाव माझं कपाटात घडी राहते.

इथं ती थांबली. अडली असं लोकांना वाटलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती. “पुढच्या दोन ओळी चार महिने पाठ केल्या होत्या,” ती म्हणाली, “त्या आता चालायच्या नाहीत. जरा थांबा.” चारशे माणसं थांबली. नफीसानं डोळे मिटले, ओढणीची गाठ सोडली आणि तिथल्या तिथं म्हटलं:

दगडावर तरी कोरील म्हणून दगडाची वाट पाहिली,
आज कानांनी ऐकलं बायांनो, मरायची घाई न राहिली.

त्यानंतर जो गजर झाला त्यात डॉक्टरही उठून उभे राहिले. लमियानं घड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि अंगठी वर धरली. चांदीची, पुरुषाची, जाड. सी मखलूफ यांचा डावा हात नऊ अधिक बारा दिवसांनी आपोआप खिशाबाहेर आला. घड्यात दैव बोलतं असं मर्सा तूतमध्ये मानतात. लमियाच्या बोटांना अंगठ्या ओळखता येतात असंही काहीजण मानतात. काही असो, बोल त्यांचा होता, आणि भर सभेत तो घ्यायला ते पायऱ्या चढून वर गेले. नफीसानं अंगठी त्यांच्या बोटात घातली. “साबणापाशी ठेवायची वस्तू आहे का ही?” एवढंच ती म्हणाली. माईक चालू असल्यामुळे तेही सगळ्यांनी ऐकलं. सी मखलूफ यांना त्याचं काही वाटलं नाही. आपण ज्या बाईच्या शेजारी उभे आहोत ती गावातली सर्वांत मोठी बाई आहे, असं त्यांना वाटत होतं, आणि हे आपल्याला आधी कुणी कळवलं कसं नाही याचं नवल करत ते तिथंच उभे राहिले. शेवटी हूरिया मावशींनी त्यांना झाडूनं खाली लोटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या दुकानात नेहमीचं टेबल भरलं होतं. नळदुरुस्तीवाला शेजारून गेला, त्याला सी मखलूफ यांनी उठून दोनदा सलाम केला. हाज बूअलाम यांनी कपात साखर ढवळत, सवयीनं विचारलं, “काय, घरची मंडळी बरी आहे ना?”

“नफीसा बरी आहे,” सी मखलूफ म्हणाले. “नवा बोल रचतेय. भाजी पुन्हा करपली.”

हाज बूअलाम यांनी साखर ढवळत ठेवली. ती केव्हाच विरघळली होती. मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, गाडी वळवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना बघायला लावतात तसं, आणि खाकरून म्हणाले, “आमची फतिहापण बरी आहे. मला आणायला येतेय. गाडी घेऊन.”

आणि सगळं टेबल रस्त्याकडे तोंड करून बसलं.